मुलांना परदेशी भाषा शिकवायचीय? मग घराचं दारही उघडा!

दिल्लीत राहणाऱ्या मराठी कुटुंबातलं मूल पाचवीतून सहावीत गेलं, की घरात एक विषय हमखास निघतो. तिसरी भाषा कोणती घ्यायची? पुण्याहून आजोबा फोनवर संस्कृतचा आग्रह धरतात. आईला वाटतं, जर्मन घेतली तर पुढे इंजिनीअरिंगला उपयोग होईल. वरच्या मजल्यावरच्या मुलीने फ्रेंच घेतलेली असते आणि तिला गुणही चांगले पडलेले असतात. चार दिवस चर्चा होते, एक भाषा ठरते, पुस्तकं येतात आणि विषय संपतो.

तीन वर्षांनी प्रगतिपुस्तकात त्या भाषेपुढे नव्वद गुण दिसतात. घरचे खूश होतात. पण कुतुबमिनारच्या आवारात एखाद्या जर्मन जोडप्याने साधा रस्ता विचारला, तर याच मुलाच्या तोंडून शब्द फुटत नाही. क्रियापदाची सगळी रूपं त्याला पाठ असतात, मात्र ‘सरळ जा आणि डावीकडे वळा’ हे काही सांगता येत नाही.

यात मुलाचा दोष नाही आणि शिकवणाऱ्या बाईंचाही नाही. चाळीस मिनिटांचा तास आणि वर्गात चाळीस मुलं असतील, तर बोलण्यासाठी एकेकाच्या वाट्याला एक मिनिट येतं. तेही आठवड्यातून दोन-तीनदा. एवढ्या वेळात भाषेची ओळख होते, भाषा अंगवळणी पडत नाही. ती पडायची असेल, तर मुलाला काही दिवस तरी अशा घरात राहावं लागतं, जिथे भूक लागली हेसुद्धा त्याच भाषेत सांगायचं असतं. शाळाशाळांमधल्या विद्यार्थी आदानप्रदानाचा, म्हणजेच ‘स्टुडंट एक्स्चेंज’चा, खरा अर्थ हाच आहे.

राजधानीला भाषा हव्यात

दिल्ली आणि आसपासच्या राजधानी परिसरात परदेशी भाषा ही केवळ हौस राहिलेली नाही. डिसेंबर १९८३मध्ये गुरगावच्या कारखान्यातून पहिली मारुती गाडी बाहेर पडली आणि तिच्या पाठोपाठ जपानी अभियंते, जपानी कंपन्या आणि त्यांची कुटुंबं या भागात आली. राजस्थानात असूनही राजधानी परिसरात मोडणाऱ्या नीमराणा इथे जपानी कंपन्यांसाठी स्वतंत्र औद्योगिक क्षेत्र उभं राहिलं. नोएडात कोरियन कंपन्या आल्या. जुलै २०१८मध्ये सॅमसंगच्या तिथल्या मोठ्या मोबाइल कारखान्याचं उद्घाटन झालं, तेव्हा भारताचे पंतप्रधान आणि कोरियाचे राष्ट्राध्यक्ष दोघंही हजर होते. चाणक्यपुरीतल्या वकिलाती तर आहेतच.

भाषा शिकण्याची सोयही दिल्लीत जुनी आहे. रशियन शिकवण्यासाठी १९६५मध्ये इथे खास संस्था निघाली आणि पुढे ती जवाहरलाल नेहरू विद्यापीठात सामील झाली. कस्तुरबा गांधी मार्गावर जर्मनसाठी मॅक्सम्युलर भवन, लोदी इस्टेटमध्ये फ्रेंचसाठी आलियाँस फ्राँसेज, हनुमान रोडवर स्पॅनिशसाठी सर्व्हांतेस संस्था, लाजपतनगरमध्ये जपान फाउंडेशन आणि कोरियन सांस्कृतिक केंद्र. मेट्रोच्या एका तिकिटात अर्ध्या जगाच्या भाषा गाठता येतात.

२०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानेही माध्यमिक टप्प्यावर कोरियन, जपानी, थाई, फ्रेंच, जर्मन, स्पॅनिश, पोर्तुगीज आणि रशियन या भाषा शिकवल्या जाव्यात, असं नावानिशी म्हटलं आहे. अर्थात भारतीय भाषा आणि इंग्रजी यांच्या जोडीला, त्यांच्या बदली नव्हे.

केंद्रीय विद्यालयांमधली जर्मन

परदेशी भाषा म्हणजे बड्या खासगी शाळांचा थाट, असा एक समज आहे. केंद्रीय विद्यालयांनी तो खोटा ठरवला. बदलीच्या नोकरीत असलेल्या सरकारी कर्मचाऱ्यांची, जवानांची, कारकुनांची मुलं या शाळांत शिकतात. २०११मध्ये केंद्रीय विद्यालय संघटन आणि मॅक्सम्युलर भवन यांच्यात करार झाला आणि सहावी ते आठवीच्या मुलांना तिसरी भाषा म्हणून संस्कृतऐवजी जर्मन घेता येऊ लागली. तीनच वर्षांत देशभरातल्या सुमारे पाचशे विद्यालयांत सत्तर हजारांच्या आसपास मुलं जर्मन शिकू लागली.

मग ऑक्टोबर २०१४मध्ये, शाळेचं वर्ष निम्मं सरलेलं असताना, तिसरी भाषा म्हणून जर्मन बंद करण्याचा निर्णय झाला. तिसरी भाषा भारतीयच असली पाहिजे, अशी सरकारची भूमिका होती. तत्त्व म्हणून ती अनेकांना पटणारी होती. पण वर्षाच्या मधोमध नवी भाषा मुलांवर का लादायची, असा सवाल करत पालक सर्वोच्च न्यायालयात गेले. अखेर त्या वर्षी या मुलांची संस्कृतची परीक्षा घेतली जाणार नाही, असं केंद्र सरकारने न्यायालयाला सांगितलं. ऑक्टोबर २०१५मध्ये जर्मनीच्या चान्सेलर अँगेला मर्केल दिल्लीत आल्या, तेव्हा दोन्ही देशांनी भारतात जर्मन आणि जर्मनीत आधुनिक भारतीय भाषा शिकवण्याला उत्तेजन देण्याचं संयुक्तपणे जाहीर केलं. केंद्रीय विद्यालयांत जर्मन राहिली ती जादा, ऐच्छिक विषय म्हणून.

या सगळ्यातून एक गोष्ट स्पष्ट झाली. संधी मिळाली तर साध्या पगारदार घरातली मुलंही परदेशी भाषा आवडीने शिकतात. त्यांना अडतं ते पुढच्या पायरीवर. भाषा शिकली, आता ती बोलायची कुणाशी? इथे पैशाचा प्रश्न येतो आणि एक्स्चेंजची संधी बहुतेकदा ज्यांच्या घरी आधीच सगळं आहे, त्यांच्याच मुलांना मिळते.

लढलेल्या देशांनी घातलेला पायंडा

मुलांना एकमेकांच्या घरी पाठवण्याची ही पद्धत काही श्रीमंतांच्या हौसेतून निघालेली नाही. ‘एएफएस’ ही आज जगभर विद्यार्थी पाठवणारी संस्था मुळात पहिल्या महायुद्धातली रुग्णवाहिका सेवा होती. १९१५मध्ये फ्रान्सच्या आघाडीवर जखमींना वाहून नेण्यासाठी अमेरिकन स्वयंसेवकांनी ती सुरू केली. दुसरं महायुद्ध संपल्यावर या चालकांनी ठरवलं, की आता जखमी नव्हे, मुलं न्यायची-आणायची. १९४७मध्ये दहा देशांतले ५२ विद्यार्थी अमेरिकेतल्या कुटुंबांत राहायला गेले.

फ्रान्स आणि जर्मनी यांचं उदाहरण तर याहून बोलकं आहे. पाऊणशे वर्षांत हे शेजारी तीनदा एकमेकांशी लढले. २२ जानेवारी १९६३ रोजी दोन्ही देशांनी मैत्रीचा करार केला आणि त्याच वर्षी केवळ तरुणांच्या देवाणघेवाणीसाठी एक संयुक्त कार्यालय उघडलं. आजवर नव्वद लाखांहून अधिक मुलं-तरुण त्याच्या कार्यक्रमांत सहभागी झाले आहेत. ज्यांच्या आजोबांनी एकमेकांवर बंदुका रोखल्या, त्यांची नातवंडं एकाच टेबलावर न्याहारी करू लागली. आणि हा खर्च दोन्ही सरकारांनी अनुदानातून उचलला, तो फक्त पालकांच्या खिशावर सोडला नाही.

भारतीय मुलांनाही अशा संधी मिळत आल्या आहेत. सोव्हिएत काळात ‘सोव्हिएत लँड नेहरू पुरस्कार’ मिळवणारी मुलं काळ्या समुद्राकाठच्या आर्तेक या बालशिबिरात जायची, हे त्या पिढीतल्या पालकांना आठवत असेल. जानेवारी २००७मध्ये जपानने दरवर्षी सुमारे सहा हजार तरुणांना आपल्याकडे बोलावण्याची पाच वर्षांची योजना जाहीर केली. ‘जेनेसिस’ नावाच्या या योजनेतून भारतीय शाळकरी मुलंही जपानला जाऊन आली. ‘साकुरा सायन्स’ या जपानी कार्यक्रमात २०१६पासून भारतीय शालेय विद्यार्थ्यांचा समावेश झाला. जर्मनीने २००८मध्ये ‘पाश’ नावाचं शाळांचं जाळं विणायला घेतलं. त्यात आज जगभरातल्या दोन हजारांहून अधिक शाळा आहेत आणि त्यांतल्या निवडक मुलांना शिष्यवृत्तीवर जर्मनीतल्या तीन आठवड्यांच्या भाषावर्गाला जाता येतं.

परक्या घरात भाषा कशी येते?

पहिले तीन-चार दिवस बहुतेक मुलं गप्प असतात. शाळेत ऐकलेली भाषा सावकाश, एकेक शब्द सुटा करून बोललेली असते. इथे यजमान आई भराभर बोलते, तिची मुलं निम्मे शब्द गिळतात, टीव्ही चालू असतो. संध्याकाळपर्यंत डोकं दुखायला लागतं. घरी फोन करून ‘मला परत यायचंय’ म्हणणारी मुलं याच दिवसांतली. पालकांनी हे आधीच गृहीत धरलं पाहिजे. मूल गप्प आहे म्हणजे शिकत नाही, असं नव्हे. कान तयार होत असतात.

मग रोजच्या रोज तेच ते प्रसंग परत येऊ लागतात. मीठ मागायचं, टॉवेल कुठे ठेवायचा ते विचारायचं, ‘पोट भरलं, आता नको’ म्हणायचं, उशीर झाला तर कारण सांगायचं. एकच वाक्य दिवसात दहा वेळा कानावर पडतं आणि अकराव्या वेळी आपोआप तोंडात येतं. चूक झाली तरी लाल शाई नसते. फार तर धाकटा यजमान भाऊ खो खो हसतो आणि बरोबर शब्द सांगतो. तो शब्द जन्मात विसरला जात नाही.

शब्दांपलीकडचंही बरंच काही कळतं. जर्मनमध्ये ‘डू’ आणि ‘झी’, फ्रेंचमध्ये ‘त्यू’ आणि ‘व्हू’ हा भेद पुस्तकात एका ओळीत उरकतो. पण मित्राच्या आईला काय म्हणायचं, दुकानदाराला काय म्हणायचं, हे पाहूनच समजतं. ‘अहो’ आणि ‘अगं’ यांतला फरक आपल्या मुलांना कुणी व्याकरणाच्या तासाला शिकवला होता?

मराठी मुलांची जमेची बाजू

दिल्लीतल्या मराठी मुलांची शिदोरी या बाबतीत भरलेली असते. घरी मराठी, खाली मैदानात हिंदी, वर्गात इंग्रजी, शेजारी पंजाबी. एका भाषेतून दुसरीत उडी मारण्याची सवय त्यांना न कळत लागलेली असते.

त्यातून मराठीचे म्हणून काही खास फायदे आहेत. जर्मनमध्ये तीन लिंगं आहेत: डेर, डी, दास. हिंदीभाषक वर्गमित्राला दोन लिंगांची सवय, त्यामुळे तिसरं कुठून आलं, असं त्याला वाटतं. मराठी मूल ‘तो, ती, ते’ म्हणतच मोठं झालेलं असतं. जर्मनमध्ये सूर्य स्त्रीलिंगी आणि मुलगी नपुंसकलिंगी, हे पाठच करावं लागतं. पण ‘ते पोरगं’ म्हणणाऱ्या घरात त्याचा धक्का कमी बसतो. जर्मन ‘झेड’चा उच्चार ‘त्स’ होतो. तो आपल्या ‘चाक’ आणि ‘चमचा’ यांतल्या ‘च’च्या अगदी जवळचा आहे. हिंदीत तो उच्चार नाही.

जपानीत तर वाक्याची बांधणीच ओळखीची निघते. कर्ता आधी, कर्म मध्ये, क्रियापद शेवटी. आपण नामाला ‘चा, ला, त’ जोडतो, तसे तिथेही नामामागे छोटे शब्द लागतात. ‘तानाका-सान नो होन’ म्हणजे तानाकांचं पुस्तक. यातला ‘नो’ म्हणजे आपला ‘चा-ची-चं’ आणि ‘सान’ म्हणजे नावापुढचं आपलं आदरार्थी ‘राव’ किंवा ‘ताई’.

म्हणून परदेशी भाषेसाठी घरात मराठी कमी करायची गरज नाही. उलट मराठी पक्की असेल, तर तुलना करायला हाताशी काहीतरी असतं.

भाषेसाठी घर सोडणंही मराठी माणसाला नवं नाही. धर्मानंद कोसंबी गोव्यातलं घर सोडून बौद्ध धर्माच्या ओढीने निघाले आणि १९०२मध्ये सिलोनला पोहोचले. तिथल्या भिक्षूंमध्ये राहून ते पाली शिकले. १९१८मध्ये ते अमेरिकेला गेले, तेव्हा अकरा वर्षांचा मुलगा दामोदर त्यांच्याबरोबर होता. मॅसॅच्युसेट्समधल्या केंब्रिज गावी तो शाळेत गेला. हाच मुलगा पुढे गणिती आणि इतिहासकार दा. ध. कोसंबी म्हणून जगाला माहीत झाला. ग्रीक, लॅटिन, फ्रेंच, जर्मन या भाषा त्यांना येत होत्या.

सहल की एक्स्चेंज?

एक्स्चेंजच्या नावाखाली बऱ्याचदा निव्वळ सहल विकली जाते. चाळीस मुलं, चार शिक्षक, दहा दिवस, पाच शहरं. राहणं हॉटेलात, जेवण भारतीय उपाहारगृहात, दिवसभर बसमध्ये आपापसांत हिंदी. मुलं मजा करून येतात, आयफेल टॉवरपुढचा फोटो फ्रेम होतो. त्यात वाईट काही नाही, पण त्याला भाषा शिकणं म्हणू नये आणि तसं म्हणून लाखांची फी घेऊही नये.

शाळेची सूचना हातात आली की पालकांनी काही प्रश्न सरळ विचारावेत:

* मूल कुटुंबात राहणार की हॉटेलात? कुटुंबात असेल, तर एका घरात एकच भारतीय मूल ठेवणार का? दोघं एकत्र असली, की भाषा बाजूला राहते.

* तिथल्या शाळेत वर्गात बसायला मिळणार का, आणि किती दिवस?

* यजमान कुटुंबाची पाहणी कोणी आणि कशी केली? अडचण आली तर रात्री-अपरात्री फोन करता येईल अशी स्थानिक जबाबदार व्यक्ती कोण? यजमान घर बदलून मिळण्याची सोय आहे का?

* तिकडची मुलं आपल्याकडे कधी येणार?

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर ‘येणार नाहीत’ असं असेल, तर तो कार्यक्रम देवाणघेवाणीचा नाही, नुसत्या घेवाणीचा आहे.

पाहुणा आपल्या घरी

इथेच बरीच कुटुंबं मागे सरतात. ‘आमचं घर लहान.’ ‘दोनच खोल्या, त्यात सासूबाई.’ ‘ती मुलं आपलं जेवण जेवतील का?’ ‘पाश्चात्त्य पद्धतीचं संडास नाही.’ या शंका खऱ्या आहेत, पण त्यांना उत्तरं आहेत.

पाहुण्या मुलाला स्वतंत्र खोली लागतेच असं नाही. झोपायला स्वतःची स्वच्छ जागा, सामान ठेवायला कपाटाचा एक खण, उकळलेलं किंवा गाळलेलं पाणी आणि दाराला कडी असलेलं न्हाणीघर, एवढं बहुतेक घरांत होतं. जेवणात पहिले दोन दिवस तिखट कमी करावं. वरणभात-तूप, बटाट्याची भाजी, घावन, थालीपीठ-लोणी, शिरा हे पदार्थ सहसा चालतात. मूल शाकाहारी आहे का, शेंगदाण्याची किंवा आणखी कशाची ॲलर्जी आहे का, हे आधी लेखी विचारून घ्यावं. मराठी स्वयंपाकात दाण्याचं कूट सगळीकडे असतं आणि काही मुलांना दाणे जिवावर बेततात, म्हणून हा प्रश्न विसरून चालणार नाही.

दिवसही नीट निवडावेत. मे-जूनची लू आणि नोव्हेंबरमधली दिल्लीची धुरकट हवा पाहुण्यांना सोसत नाही. फेब्रुवारी ते मार्चचा मध्य हा उत्तम काळ. थंडी ओसरलेली असते, बागा फुललेल्या असतात. परीक्षांचं वेळापत्रक मात्र शाळेने आधी जुळवून घ्यायला हवं.

पाहुणा घरी आला, की खर्चाचं गणितही बदलतं. तुमच्या घरी त्यांचं मूल फुकट राहतं, त्यांच्या घरी तुमचं. हॉटेल आणि जेवणाचा मोठा बोजा उतरतो आणि राहतं ते विमानाचं तिकीट, व्हिसा आणि विमा. लहान पगारातल्या कुटुंबाला एक्स्चेंज परवडण्याचा हाच मुख्य मार्ग आहे. एएफएस किंवा रोटरीच्या कार्यक्रमांतही यजमान कुटुंबं पैसे घेत नाहीत. पाहुण्याला घरातलं मूल समजून ठेवतात.

भाषेचा फायदाही दुप्पट होतो. पाहुण्याला चांदणी चौक दाखवताना, मेट्रोचं तिकीट काढून देताना, आजीच्या गप्पांचं भाषांतर करताना आपलं मूल दिवसभर त्याच्या भाषेत बोलत राहतं. परदेशी न जाताही.

उरलेला खर्च कोणी करायचा?

विमानाचं तिकीट तरीही उरतंच. इथे शाळा आणि पालक-शिक्षक संघ पुष्कळ काही करू शकतात.

पहिली गोष्ट, निवड पैशावर होऊ नये. भाषेच्या बाईंनी आणि आणखी दोन शिक्षकांनी मिळून मुलांची मुलाखत घ्यावी. गुणांबरोबर मुलाची बोलण्याची धडपड आणि घरी पाहुणा ठेवण्याची तयारी पाहावी. खर्चाचा विषय निवड झाल्यावर काढावा.

दुसरी, दर गटात एक-दोन जागा निधीतून भरायच्या, असा नियम करावा. जाणाऱ्या प्रत्येक कुटुंबाने थोडी जादा रक्कम घातली, शाळेच्या जत्रेचं उत्पन्न राखून ठेवलं, माजी विद्यार्थ्यांनी हातभार लावला, तर एका मुलाचं तिकीट निघणं अवघड नाही. कोणाचा खर्च निधीतून झाला, हे मुलांमध्ये कळू देऊ नये.

तिसरी, शिष्यवृत्तीच्या जाहिराती शाळेच्या फलकावर वेळेत लावाव्यात. परदेशी सांस्कृतिक केंद्रांच्या आणि सरकारी कार्यक्रमांच्या सूचना मुख्याध्यापकांच्या टेबलावर येतात आणि मुदत संपल्यावर वर्गात पोहोचतात, असं होऊ नये. भाषेच्या शिक्षिकेवर ही जबाबदारी द्यावी आणि तेवढे तास तिला मोकळे ठेवावेत. परदेशी शाळेशी पत्रव्यवहार, वेळापत्रकं, पालकांच्या शंका हे सगळं ती एकटी करत असते. ती बदलून गेली, की वर्षानुवर्षांची मैत्री एका सुट्टीत संपते.

जाण्याआधी, आल्यानंतर

कागदपत्रांना वेळ ठेवावा. पासपोर्टची मुदत आधी तपासावी. लहान मुलांचा पासपोर्ट साधारणपणे पाच वर्षांचाच असतो आणि तो संपत आल्याचं ऐन वेळी लक्षात येतं. युरोपातल्या शेंगेन देशांच्या व्हिसासाठी किमान ३०,००० युरोंचा वैद्यकीय विमा लागतो. मूल पालकांशिवाय जात असेल, तर आई-वडील दोघांचंही संमतिपत्र लागतं. वडील बदलीवर दूर असतील, तर ही सही आधीच मिळवून ठेवावी.

निघण्यापूर्वीचा महिनाभर रोज अर्धा तास बोलण्याचा सराव करावा. व्याकरणाचा नव्हे. स्वतःची ओळख, घरातली माणसं, काय आवडतं, काय खात नाही, कुठे दुखतंय, मदत हवी आहे. एवढी तीस-चाळीस वाक्यं सहज यायला हवीत. यजमान कुटुंबाशी व्हिडिओवर दोनदा गप्पा झाल्या, की विमानतळावर उतरताना चेहरे ओळखीचे असतात. भेट म्हणून महागडी वस्तू नको. पैठणीच्या कापडाचा बटवा, तिळगूळ, घरच्यांचा फोटो पुरे.

मूल तिकडे गेल्यावर रोज फोन करू नये. हे आयांना जड जातं, पण रोज रात्री तासभर मराठीत बोलणारं मूल मनाने घरीच राहतं. आठवड्यातून दोनदा, ठरलेल्या वेळी फोन करावा. मात्र ‘काही चुकीचं वाटलं, कुणी नको तसं वागलं, तर कोणत्याही वेळी फोन कर,’ हेही मुलाला, मग तो मुलगा असो की मुलगी, निघण्याआधी स्पष्ट शब्दांत सांगून ठेवावं.

परत आल्यावरचे तीन महिने सर्वांत महत्त्वाचे. जिभेवर आलेली भाषा वापरली नाही, तर झपाट्याने मागे पडते. यजमान भावंडांशी आठवड्याला एक गप्पांचा तास, वर्गात लहान मुलांना शिकवण्याची संधी आणि जवळच्या भाषा केंद्रातली पुढची परीक्षा, असा कार्यक्रम आधीच आखावा. युरोपीय भाषांच्या परीक्षा ए-१ ते सी-२ अशा सहा पायऱ्यांवर मोजल्या जातात, जपानीच्या एन-५ ते एन-१ अशा पाच. तीन आठवड्यांत कुणी तरबेज होत नाही. पण ए-१ वर अडखळणारं मूल ए-२ ची तयारी हसत करू लागतं, कारण आता त्या भाषेत त्याची माणसं असतात.

परदेश जमत नसेल तर

सगळ्यांनाच जाता येणार नाही. वर्गातल्या चाळिसांपैकी पाच-सात मुलं गेली तरी पुष्कळ. पण येणारा पाहुणा गट सगळ्यांचा असतो. त्यांच्यासाठी वर्गात जागा करावी, डब्यात दोन पोळ्या जादा द्याव्यात, संध्याकाळच्या क्रिकेटला बोलवावं. पहाडगंजच्या नूतन मराठी शाळेच्या आसपास वाढलेल्या किंवा गणेशोत्सवात दिल्लीच्या मराठी मंडळांत राबणाऱ्या माणसांना पाहुणचार शिकवावा लागत नाही. गावाकडून परीक्षेला, इंटरव्ह्यूला, सैन्यभरतीला आलेली मुलं वर्षानुवर्षं याच घरांत उतरत आली आहेत. त्यांच्यासाठी जी गादी घातली जाते, तीच या पाहुण्यासाठी घालायची.

सुरुवात अगदी छोटी करता येते. पुढच्या पालकसभेत तिसऱ्या भाषेच्या गुणांबद्दल विचारून झालं, की आणखी एक प्रश्न विचारावा: ‘या भाषेत बोलणारी कुठली शाळा आपल्या शाळेची मैत्रीण आहे का?’ नसेल, तर बाईंना सांगावं, ‘शोधा. पहिला पाहुणा आमच्याकडे राहील.’